डिस्क लावू का? जुन्या गाड्यांच्या ब्रेकवर वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांत ब्रेकवालेच जास्त होते, आणि त्यातही विषय एकच, पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे. म्हणून बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल, आज फक्त ब्रेक. काही पत्रं फार लांब होती ती कापलीयेत, राग मानू नका.

प्रश्न: सर, माझ्याकडे साठच्या दशकातली चार दरवाजांची सेडान आहे. चारही चाकांना ड्रम, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) नाही, मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑइलला दाब देणारा) एकाच सर्किटचा, वजन १२०० किलोच्या आसपास. सपाट रस्त्यावर ब्रेक बरे लागतात पण लांब उतारावर अर्ध्यात आलं की पॅडल खाली जायला लागतं, जळका वास येतो, ब्रेक धरतच नाही. खाली येऊन थोडा वेळ थांबलं की परत सगळं ठीक. मित्र म्हणतो पुढे डिस्क टाक, एका रविवारचं काम आहे. खरंच एवढं सोपं आहे का?

मित्राचं निम्मं बरोबर आहे. तुम्ही सांगताय तो ब्रेक फेड, म्हणजे तापून ब्रेकची ताकद जाणं, आहे आणि त्यावर डिस्क हा चांगला इलाज आहे. रविवारचं मात्र पटत नाही, कारण कॅलिपर (पॅडने डिस्कला चिमटा घेणारा भाग) आणि डिस्क बोल्टने आवळायला एक रविवार पुरेलही, पण मास्टर सिलिंडर, पाइप, मागच्या चाकांचं प्रेशर, चाकाची रिम हे सगळं त्यानंतर उरतंच, आणि लोकांची गाडी अडकते ती तिथेच.

आधी उतारावर होतं काय ते बघू. तुमची १२०० किलोची गाडी ताशी ८० किमीवरून उभी केली की साधारण ३०० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करून ब्रेकला ती कुठेतरी टाकावी लागते. ४० वरून उभी केली तर फक्त ७५, वेग निम्मा तर उष्णता पाव. आता तीच गाडी ५०० मीटर उंचीचा उतार उतरली तर सुमारे ५९०० किलोज्यूल, म्हणजे ८० वरून वीस वेळा गाडी उभी करण्याइतकं काम. यातलं थोडं वारा खातो, थोडं इंजिन खातं (तुम्ही खालच्या गिअरमध्ये उतरत असाल तर बरंच जास्त, न्यूट्रलमध्ये उतरत असाल तर शून्य), बाकीचं सगळं ब्रेकच्या डोक्यावर. आणि ड्रम म्हणजे झाकण लावलेलं भांडं, उष्णता आतल्या आत कोंडते. गरम झाला की ड्रम फुगतो, त्याचा व्यास वाढतो, म्हणजे तो आतून घासणाऱ्या शूपासून लांब पळतो आणि पॅडल तेवढं खाली जातं. शिवाय शूवरचा लाइनर तापला की त्याची पकडच कमी होते. डिस्क उघड्यावर फिरते, दोन्ही बाजूंनी वारा लागतो, आणि तापून जाड झाली तर पॅडच्या दिशेनेच होते, त्यामुळे पॅडल तसं खाली जात नाही. पावसातही डिस्कवरचं पाणी फिरताना उडून जातं, ड्रममध्ये घुसलं तर आतच राहतं.

पण एक गोष्ट इथे स्पष्ट बोलतो, काहींना आवडणार नाही. ब्रेक थंड असताना एकदाच जोरात ब्रेक मारून गाडी किती अंतरात थांबते हे डिस्कने फारसं बदलत नाही. तुमचे ड्रम आजच चाक लॉक करू शकत असतील तर पुढची मर्यादा टायरची आहे, ब्रेकची नाही. दहा वर्षं जुने कडक झालेले टायर ठेवून डिस्कवर खर्च करणं मला तरी पटत नाही, आधी टायर.

म्हणून डिस्कचा विचार करायच्या आधी ड्रम उघडा आणि आत्ता जे आहे ते नीट आहे का ते बघा. ड्रम ओव्हल झालाय का, लेथवर मारून मारून लिमिटच्या पलीकडे मोठा झालाय का (कमाल व्यास बऱ्याच ड्रमवर कोरलेला असतो, नाहीतर मॅन्युअलमध्ये असतो), शूची ठेवण आणि ड्रमची गोलाई जुळते का की शू फक्त मधल्या भागातच लागतोय, लाइनर ग्लेझ होऊन काचेसारखा चकाकतोय का, व्हील सिलिंडर (चाकातले शू ढकलणारा) पाझरतोय का, रबरी होज आतून सुजून बंद झालाय का. या होजवर तर मी कायम बोट ठेवतो, बाहेरून छान दिसतो आणि आतून व्हॉल्व्हसारखा वागतो, प्रेशर जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, मग ते चाक चालता चालता तापत राहतं आणि आपण म्हणतो ड्रमच वाईट. ब्रेक ऑइल कधी बदललंय तेही आठवून बघा. ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी आलं की उकळायला कमी तापमान पुरतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ताजं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी ओढलेलं असताना स्टँडर्डची मर्यादा १४० अंशच आहे. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की पाइपात वाफ, वाफ दाबली जाते, पॅडल जमिनीला. तुमची तक्रार निम्मी इथेच सुटायचीही शक्यता आहे.

आणि ड्रम उघडताना हवेच्या पाइपने धूळ उडवू नका, कृपा करून. त्या काळातल्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका.

हे सगळं करूनही उतारावर तेच होत असेल, किंवा तुमचा रोजचाच रस्ता डोंगरातला असेल, तर डिस्क लावा, मी अडवणार नाही. पण मग सगळं एकत्र ठरवून घ्या. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याच गाडीच्या पुढच्या सालातल्या किंवा महागड्या मॉडेलला कंपनीनेच पुढे डिस्क दिली असेल तर तिचा पूर्ण सेट उचलायचा, नकल (चाक धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग), हब, डिस्क, कॅलिपर, मास्टर, व्हॉल्व्ह, जमलं तर पाइपसकट. त्यांनी सगळं एकमेकाला जुळवून ठेवलेलं असतं. त्यातही नकलवरचा स्टिअरिंग आर्म लांबीला आणि उंचीला तुमच्या जुन्यासारखाच आहे का ते मापून घ्या, फरक असेल तर खड्ड्यात चाक वरखाली झालं की स्टिअरिंग आपोआप वळतं, आणि तो त्रास ब्रेकपेक्षा वाईट. दुसरा मार्ग तयार किटचा, जुन्या स्टब ॲक्सलवरच ब्रॅकेट लावून कॅलिपर बसवतात. ते चालतं, पण ब्रॅकेट हा या सगळ्यातला सर्वांत जोखमीचा तुकडा आहे, पुढच्या चाकाचा अख्खा ब्रेक त्याच्यावर लटकलेला असतो. कोणीतरी पत्र्याच्या प्लेटमधून कापून दिलेला ब्रॅकेट, किंवा नकललाच वेल्डिंग करून लावलेला कॅलिपर, असलं काही दिसलं तर लांब राहा. बोल्ट हाय टेन्साइलचेच, टॉर्क पान्यानेच.

एक राहिलं. तुमचा मास्टर एका सर्किटचा आहे, म्हणजे एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकेत १९६८ पासून नव्या गाड्यांना दोन वेगळी सर्किट ठेवणं सक्तीचं झालं ते उगाच नाही. काम काढतच असाल तर दोन सर्किटचा मास्टर त्यातच उरकून घ्या. खरं सांगायचं तर डिस्क लावली नाहीत तरी हे कराच.

प्रश्न: पुढे डिस्क लावून घेतली, मास्टर नवीन, एअर दोनदा काढली, गळती कुठेच नाही. पण आता पॅडल दगडासारखं कडक झालंय आणि गाडी थांबवायला दोन्ही पाय लावावेसे वाटतात. आधीचे ड्रम यापेक्षा हलके होते! मेकॅनिक म्हणतो पॅड बसले की सुटेल. बूस्टर नाहीये.

पॅड बसल्याने थोडा फरक पडेल, एवढा नाही. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि स्वतःलाच जास्त दाबतो, म्हणजे तुमच्या पायाला गाडी स्वतःच मदत करत असते. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, पॅड सरळ आडवा दाबला जातो, जेवढं प्रेशर तेवढाच ब्रेक. त्यामुळे जोराच्या ब्रेकिंगला डिस्कला १००० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पाउंड) आसपास प्रेशर लागतं, ड्रमचं त्यापेक्षा बरंच कमीत भागायचं.

आता तुमच्या मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, काय आहे ते बघा, मला शंका तिथेच आहे. हिशोब सोपा आहे. पायाने ४० किलो जोर लावला, पॅडलचं प्रमाण ६ ला १, तर मास्टरच्या दांड्यावर २४० किलो. बोअर १ इंचाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटरच्या जरा वर, प्रेशर झालं साधारण ४७ किलो दर चौरस सेंटिमीटर, म्हणजे ६७० पीएसआय. तोच बोअर ७/८ इंच केला तर ६२ किलो, ८८० पीएसआय. त्याच पायाने ३० टक्के जास्त. फुकट काहीच मिळत नाही, पॅडलही तेवढंच जास्त खाली जाणार, पण तुमचं पॅडल आत्ता दगड आहे म्हणजे ते परवडतं. पुष्कळ जण 'मोठा मास्टर म्हणजे मोठा ब्रेक' समजून १ इंच किंवा १ १/८ इंचाचा लावतात, तो बूस्टर असलेल्या गाडीला ठीक.

मग पॅडलचं प्रमाण मोजा. पॅडलच्या वरच्या खिळीपासून पायाच्या पॅडपर्यंतचं अंतर, भागिले त्याच खिळीपासून दांडा जोडलाय तिथपर्यंतचं अंतर. बूस्टर नसेल तर ६ च्या आसपास हवं, बूस्टर असेल तर ४ च्या आसपास पुरतं. कोणी दुसऱ्या गाडीचं बूस्टरवालं पॅडल बसवलं असेल तर तुमचं उत्तर तिथेच सापडलं.

हे दोन्ही बघूनही भागलं नाही तर बूस्टर. हलक्या गाडीला लागतोच असं नाही, एमजीबी १९६२ मध्ये पुढे डिस्क घेऊन आली तेव्हा तिला बूस्टर नव्हता आणि लोक चालवतच होते. तुमची जड असेल तर लावा, पण इंजिन व्हॅक्यूम किती देतंय ते गेजने आधी मोजा, आयडलला १८ इंच पारा मिळत असेल तर मजेत, इंजिनला रेसिंगचा कॅम असेल आणि १०-१२ च येत असेल तर बूस्टर नुसता शोभेला. जागा नसेल तर पाइपलाइनमध्ये बसणारा वेगळा बूस्टर, रिमोट सर्व्हो, हाही येतो, पण दोन सर्किटच्या मास्टरबरोबर तो जोडताना कोणत्या सर्किटवर बसतोय याचा विचार करून जोडा. बूस्टर चालतोय का बघायची युक्ती, इंजिन बंद ठेवून पॅडल चारपाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली सरकलं की चालतोय.

आणखी एक, यावर सहसा कोणी बोलत नाही. बूस्टरवाल्या मास्टरच्या पिस्टनमधला दांड्याचा खड्डा उथळ असतो, विनाबूस्टरच्या मास्टरमध्ये खोल. उथळवाला विनाबूस्टर लावला तर दांडा निसटू शकतो. पॅडल मागे आलं आणि दांडा पडला, पुढचं तुम्हीच समजा. आजच टॉर्च घेऊन बघा.

प्रश्न: डिस्क लावल्यापासून पुढची दोन्ही चाकं गरम होतात, गाडी ढकलली तर जड जाते. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवलाय, तो चांगला होता म्हणून.

चांगला होता, पण ड्रमसाठी. ड्रमच्या बऱ्याच मास्टरमध्ये तोंडाशी एक छोटा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, पाय काढला तरी लाइनमध्ये १० पीएसआयच्या आसपास प्रेशर धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या रबर कपाची कड दाबलेली राहते, हवा आत येत नाही. ड्रममध्ये शूला ओढणारी स्प्रिंग असते तिला १० पीएसआय म्हणजे काहीच नाही. कॅलिपरमध्ये स्प्रिंगच नाही, सीलचं रबर पिस्टनला जरासं मागे घेतं तेवढंच, त्यामुळे १० पीएसआय म्हणजे ब्रेक कायम हलकासा लागलेला. पुढच्या लाइनचा तो व्हॉल्व्ह काढावा लागेल, किंवा सरळ डिस्क-ड्रमचा मास्टर घ्या. मास्टर फ्लोअरखाली असेल आणि कॅलिपरच्या पातळीच्या खाली येत असेल तरच पुढच्या लाइनला २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो, ऑइल परत उतरू नये म्हणून.

दुसरं कारण दांड्याचा प्ले. पाय काढल्यावर दांडा आणि पिस्टनमध्ये किंचित मोकळीक हवीच. नसेल तर मास्टरमधलं परतीचं भोक उघडत नाही, तापून फुगलेलं ऑइल डब्यात जाऊ शकत नाही आणि चाक आणखी आवळतं. दोष मास्टरकडे आहे की चाकाकडे ते ओळखायला चाक अडकलेलं असताना मास्टरचा नट पाइपशी जरा सैल करा, चाक सुटलं तर मास्टर किंवा दांडा, नाही सुटलं तर होज किंवा कॅलिपरचा पिस्टन जाम.

जुना मास्टर काढायचं अजून एक कारण म्हणजे त्याचा डबा. ड्रममध्ये लाइनर झिजला की आपण ॲडजस्टर फिरवतो, डिस्कमध्ये पॅड झिजेल तसा पिस्टन पुढे सरकतो आणि ती जागा ऑइल भरतं. ५४ मिमीचे चार पिस्टन धरले आणि पॅड ८ मिमी झिजले तर ७० मिलीच्या वर ऑइल डब्यातून खाली गेलेलं असतं. जुन्या ड्रमवाल्या मास्टरचा इवलासा डबा तिथे कोरडा पडतो, आणि एके दिवशी वळणावर एअर ओढतो.

प्रश्न: पुढे डिस्क मागे ड्रम. पावसात जरा जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी घसरतात, एकदा गाडी आडवी झाली. टायर नवीन आहेत.

हे ताबडतोब सोडवा, तोपर्यंत गाडी पावसात काढू नका. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी फिरते, पुढची झाली तर निदान सरळ जाते, दोन्ही वाईट पण पहिलं फार वाईट.

कारण असं, ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात. आधी चारही ड्रमना एकाच मापाचं प्रेशर होतं आणि कंपनीने व्हील सिलिंडरच्या मापाने तोल साधलेला होता. आता डिस्कसाठी तुम्ही प्रेशर वाढवलंत, बूस्टरही लावला असेल, आणि ते वाढलेलं प्रेशर मागच्या ड्रमलाही मिळतंय, ज्यांना स्वतःला ओढून घ्यायची सवय आहेच.

मागच्या लाइनमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवा. तो एका ठरावीक प्रेशरपर्यंत सगळं जाऊ देतो, त्यापुढे मागे जाणारी वाढ कमी करतो. हाताने फिरवायचा नॉबवाला मिळतो, वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडलेल्या गाडीला तोच बरा. फक्त मागच्याच लाइनमध्ये, पुढच्यात कधीच नाही. कंपनीच्या काही गाड्यांत एक पितळी ठोकळा असतो, कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह, त्यात हाच भाग असतो आणि शिवाय मीटरिंग व्हॉल्व्ह, जो मागचे शू स्प्रिंगला हरवून ड्रमला टेकेपर्यंत पुढच्या डिस्कला जरा थांबवतो. तो असेल तर वरून दुसरा प्रपोर्शनिंग जोडू नका, दोघं मिळून मागचा ब्रेकच बंद करतात.

सेट करायची पद्धत: मोकळी, रिकामी, सरळ जागा, बाहेर एक माणूस चाकांकडे बघत उभा. कमी वेगापासून सुरुवात करा, आधी कोरड्यावर मग ओल्यावर. पुढची चाकं मागच्याच्या जरा आधी लॉक झाली पाहिजेत. बरोबर जमलं की नॉबला खूण करा आणि नट आवळा. मागे माणसं आणि सामान भरून गाडी वेगळी वागते, पण नॉब ठरवायचा तो गाडी रिकामी असताना, कारण मागची चाकं तेव्हाच सगळ्यात हलकी असतात.

जाता जाता मागचे ड्रम नीट ॲडजस्ट आहेत का, एका बाजूला ॲक्सल सीलमधून ऑइल तर येत नाही ना, तेही बघा. लाइनरला जरासं ऑइल लागलं की तो कधी धरतच नाही आणि कधी एकदम पकडतो.

प्रश्न: माझी १३ इंची रिम आहे. किट विकणारा म्हणतो बसतं. बसेल का?

मला न बघता सांगता येणार नाही आणि त्यालाही नाही. रिमचा व्यास एक गोष्ट, आतला खरा आकार दुसरी, आणि कॅलिपरचा बाहेरचा फुगवटा रिमच्या स्पोकला किंवा डिशला लागतो ती तिसरी. पुठ्ठ्याचा टेंप्लेट कापा, हबवर धरून रिमच्या आत फिरवा, सगळीकडे निदान ३ मिमी मोकळं हवं. जागा कमी म्हणजे डिस्क अशक्य असंही नाही, १९६१ च्या मिनी कूपरने १० इंची रिममध्ये ७ इंची डिस्क बसवली होती. ७ इंची डिस्क छोटीच, पण गाडीही छोटी.

आणि नव्या हबमुळे चाक बाहेर सरकतं का तेही मापा. प्रत्येक बाजूला ७-८ मिमी बाहेर आलं तरी पूर्ण वळवून खड्ड्यात गेलं की टायर मडगार्डला घासू शकतं. कागदावर बघून कळत नाही, गाडी जॅकवर घेऊन, सस्पेंशन वर ढकलून, स्टिअरिंग पूर्ण फिरवून बघा.

प्रश्न: सिलिकॉन ब्रेक ऑइल टाकू का? पेंट खराब होत नाही म्हणतात.

पेंट खराब होत नाही हे खरं, आणि पाणी ओढत नाही हेही खरं, त्यामुळे वर्षभर उभ्या राहणाऱ्या गाडीला लोक वापरतात. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन. डॉट ५.१ मात्र सिलिकॉन नाही, ते डॉट ३-४ च्याच घरातलं, नावाने फसू नका. दोन्ही एकमेकात मिसळत नाहीत, म्हणून बदलायचं तर पूर्ण सिस्टिम रिकामी, साफ, सगळी रबरं नवीन. सिलिकॉनमध्ये बारीक बुडबुडे अडकतात आणि ते जरा जास्त दाबलं जातं, पॅडल मऊ लागतं. चालती गाडी असेल तर माझं मत डॉट ४, दर दोन वर्षांनी नवीन. पेंटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसू नका.

प्रश्न: सगळं नवीन लावलं, एअर काढून काढून थकलो, तरी पॅडल स्पंजी.

एअर काढायचा निपल कॅलिपरवर वर आहे की खाली? डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला की निपल खाली येतो आणि हवा वर अडकून राहते, मग दिवसभर पंप मारला तरी निघत नाही. तुमच्यासारख्या तक्रारीत मी पहिलं हेच विचारतो.

निपल वर असेल तर जोड बघा. ३/८ इंची २४ आट्यांचा नट आणि १० मिमी १ पिचचा मेट्रिक नट दिसायला इतके सारखे असतात की एकात दुसरा दोनतीन आटे सहज जातो, घट्टही वाटतो, आणि मग प्रेशरला पाझरतो किंवा सुटतो. जुनी गाडी इंची, नवा कॅलिपर मेट्रिक, हा घोळ या कामात नेहमीचा. पाइपच्या तोंडाचा फ्लेअरही (पसरवलेली कड) दोन प्रकारचा असतो, डबल आणि बबल, ज्याचा त्यालाच. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर दर वेळी नवे.

आणि पॅडल पहिल्या मारात खोल, दुसऱ्या मारात वर येत असेल तर ती एअर नसेलही. पुढच्या बेअरिंगला प्ले असेल किंवा डिस्क डगमगत असेल तर चालताना ती पॅडला मागे ढकलत राहते. डायल गेज लावून बघा, ०.१ मिमीपेक्षा जास्त डगमग नको.

प्रश्न: गाडी १९५८ ची आहे, पूर्ण ओरिजिनल. डिस्क लावली तर जाणकार नावं ठेवतील का?

काही ठेवतील. डिस्क मात्र त्या काळाला परकी नव्हती एवढं त्यांना सांगा. १९५३ ला जग्वार सी टाइपने डनलॉपच्या डिस्क लावून ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली, १९५५ ला सित्रोएन डीएस पुढे डिस्क घेऊन बाजारात आली, १९५६ ला ट्रायम्फ टीआर ३ ला पुढे गर्लिंगच्या डिस्क मिळाल्या. तुमच्या गाडीला त्याच काळात कंपनीने पर्याय म्हणून डिस्क दिली असेल तर तीच शोधा, वाद मिटला.

नसेल आणि गाडी फक्त प्रदर्शनापुरती निघत असेल तर मी हात लावणार नाही, ड्रम चांगले करून ठेवा. चालवत असाल तर बोल्टने बसणारं, काही न कापता परत काढता येणारं किट घ्या आणि जुने ड्रम, हब, मास्टर तेल लावून, खुणा करून डब्यात ठेवा. तुमच्याकडे असा बदल नोंदवावा लागतो का, विमा कंपनीला कळवावं लागतं का, हे काम सुरू करायच्या आधी विचारा, नंतर नाही.

प्रश्न: नवीन पॅड आणि डिस्क बसवल्यावर लगेच जोरात ब्रेक मारून बघितलं तर चालेल?

नाही. डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं ते आधी ब्रेक क्लीनरने पुसा. मग गाडी हलवायच्या आधीच पॅडल मारून पॅड डिस्कला टेकवा, नाहीतर पहिला ब्रेक हवेतच जातो. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, आठदहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं चालवत थंड होऊ द्या. तापलेला असताना पॅडल दाबून उभं राहू नका, डिस्कवर पॅडचा ठसा बसतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं. घरी आल्यावर सगळे जोड एकदा कोरड्या फडक्याने पुसून बघा, ओलं दिसलं तर तिथेच थांबा, आणि १०० किमीनंतर बोल्टवर परत एकदा टॉर्क पाना फिरवा.